दोन माइकचा बॉक्स

दुकानदाराने बटण दाबलं आणि बॉक्सच्या पोटातले लाल-हिरवे दिवे नाचायला लागले. पाठोपाठ वरातीत वाजतं तसलं गाणं एवढ्या जोरात सुरू झालं की समोरच्या चहाच्या टपरीवरच्या लोकांनी माना वळवल्या. दुकानदार खूश. "बेस देखिए बाईजी, बेस!" मी पाहिला. बेस ही पाहायची वस्तू आहे हे मला त्या दिवशी कळलं. छातीत धडधड होत होती, पण ती सगळी बॉक्सची. माझी स्वतःची धडधड त्या दिवसांत कुठे गेली होती कोण जाणे.

नवरा मात्र बॉक्सच्या मागे उकिडवा बसून भोकं तपासत होता. चार्जिंगचं, पेनड्राइव्हचं, गिटारचं. गिटार आमच्या सात पिढ्यांत कोणी वाजवली नाही. त्याला हवी होती माइकची दोन भोकं. "दोनों माइक एक साथ चलेंगे न? एक चालू किया तो दूसरा मर तो नहीं जाता?" बालाघाटच्या बाजारात प्रत्येक दुकानात त्याचा हाच प्रश्न. मग बॅटरी किती वेळ टिकते, वजन किती, मोटरसायकलवर मधे धरून नेता येईल का. माझं काम फक्त उभं राहण्याचं होतं. साडीच्या दुकानात नवरीला उभी करून तिच्या खांद्यावर एकेक साडी टाकून पाहतात, तसा माझ्या तोंडापुढे एकेक माइक धरला जायचा.

आमचं गाणं म्हणजे फार मोठं काही नाही. नवरा पेटी वाजवतो, धाकटा दीर ढोलकी, मी गाते आणि सून मागून झील धरते. कोणाकडे बाळाचं नामकरण असलं, नवं घर झालं, कोणी गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन असलं की बोलावणं येतं. बालाघाट, लालबर्रा, तिकडे कटंगीच्या बाजूची गावं. आधी त्रिशरण-पंचशील, मग वंदना, मग जयंतीची गाणी. अंगणात ताडपत्री, पुढे पांढऱ्या लुगड्यांतल्या बायका, मागे पुरुष. एकीकडे मोठ्या गंजात भात शिजत असतो आणि एकीकडे आम्ही गात असतो.

माझा आवाज खणखणीत होता. हे मी स्वतःच सांगते, कारण आता सांगायला कोणाची हरकत नाही. ढोलकीच्या वर चढायचा, पोरांच्या रडण्याच्या वर चढायचा, लाइट गेली तर माइकशिवाय शेवटच्या माणसापर्यंत जायचा. मी ओळ म्हणायची, ती संपली की झीलवालीने तीच ओळ उचलायची आणि तेवढ्यात मी श्वास घ्यायचा. माझ्या ओळीत तिने तोंड घालायचं नाही, तिच्या ओळीत मी घालायचं नाही. याच्यावर मी फार कडक होते. सून शिवनीकडची, हिंदी शाळेत शिकलेली. मराठी समजते, बोलताना हिंदीत घसरते. सगळी गाणी तिने माझ्या तोंडून ऐकून पाठ केली. 'कमळ' तिच्या तोंडून अजून 'कमल' होऊन बाहेर येतं. मी तिला चारचौघांत चिडवायची, ती चारचौघांत हसायची, आणि असं आमचं बरं चाललं होतं.

मग माझ्या गळ्यात थायरॉइडची गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की आवाजाची नस गाठीला अगदी लागून आहे, धक्का बसू शकतो. आम्ही हौ म्हटलं होतं. नाही म्हणून काय करणार होतो? गाठ साधी निघाली, घरच्यांचा जीव भांड्यात पडला. शुद्धीवर आल्यावर मी पाणी मागितलं तर कोणाला ऐकूच गेलं नाही. घशातला एक पडदा हलायचा थांबला होता. वर्षभरात हलला तर हलला, असं डॉक्टर म्हणाले. आवाज बसला असता तर कळलं असतं, बसलेला आवाज ओळखीचा असतो, मीठ-पाण्याच्या गुळण्यांनी उठतो. हा आवाज नव्हताच. निव्वळ वारा होता.

गळ्यावर जिथे कापलं तिथली कातडी बधिर झाली. पदर लागला तरी कळायचं नाही, माशी बसली तरी कळायचं नाही. बायका भेटायला यायच्या आणि माझं बोलणं ऐकून डोळ्यांना पदर लावायच्या. मी त्यांच्याकडे पाहत बसायची. मलाही रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी उठून चहा ठेवायची, गाळायची, परत येऊन बसायची. ना दुःख, ना राग. कधी कधी वाटायचं की ऑपरेशनची भूल पूर्ण उतरलीच नाही, थोडी अंगात राहून गेली.

नवऱ्याला मात्र उपाय सापडला होता. "अवं, आवाज लहान झाला ना तुहा? मंग मशीन मोठी करू. त्यात काय एवढं!"

आमची जुनी मशीन भोंग्याची होती, शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून तिच्यावर चालायची. तिच्यात ओरडणाऱ्याचं ओरडणं जायचं, हळू बोललेलं वाटेतच राहायचं. आता चार्जिंगचे बॉक्स निघाले होते, हळू बोललेलंही नीट पोचवतात असं नवऱ्याने मोबाइलवर पाहिलं होतं. नीट बॉक्स सापडला की मी पुन्हा गाणार, असं त्याने ठरवून टाकलं. नाही सापडला तर काय, हे तो बोलत नव्हता. मीही विचारलं नाही. माझं गाणं राहणार की जाणार हे एका बॉक्सवर येऊन ठेपलं होतं, आणि मी दुकानात उभी राहून समोरच्या टपरीवरची गर्दी पाहत होते.

दुकानदार ओळखीतला. म्हणाला, घेऊन जा, एक कार्यक्रम करून पाहा, जमलं तर ठेवा. नवरा नवं वासरू आणल्यासारखा बॉक्स घरी घेऊन आला.

पहिल्या दिवशी अंगणात मांडला. खाली चाकं होती, वर ओढायचा दांडा होता. चाकं दुकानाच्या फरशीवर फार छान फिरली होती, आमच्या अंगणातल्या मुरमावर ती हललीच नाहीत. मी वंदनेची पहिली ओळ म्हटली. बॉक्समधून माझा श्वास आला. खरंच, फक्त श्वास, एखादं मोठं जनावर कुंपणापलीकडे झोपल्यासारखा. आवाज होता तेवढाच आला, श्वास मात्र भलताच मोठा झाला. नवऱ्याने इको वाढवला. आमच्याकडे इको म्हणजे रश्श्यावरची तर्री, जितकी जास्त तितकं लोक खूश. इकोने त्या एका श्वासाचे खूप श्वास झाले आणि सगळे एकमेकांच्या मागे धावू लागले. मग त्याने माझ्या माइकची खुंटी पुरी फिरवली, तर बॉक्सने अशी शिट्टी मारली की अंगणातलं कुत्रं उठून निघून गेलं.

"माइक तोंडाले चिकटवून धर."

मी चिकटवून धरला.

"जरा जोर लाव ना."

जोर कुठला लावायचा ते त्याला सांगायला हवं होतं. सुनेने माझ्या हातातून माइक घेतला, म्हणाली, "पापा, मम्मी को आज रहने दो." तिच्या दुसऱ्या हातात तिचा माइक होता, त्यातून ते वाक्य गल्लीच्या टोकापर्यंत गेलं.

नवरा हार मानणाऱ्यांपैकी नाही. त्याने शोध लावला की बॉक्स माइकपासून लांब ठेवला आणि तोंड पलीकडे केलं की शिट्टी होत नाही. ते आमच्या रिवाजालाही धरून होतं. आमच्याकडे बॉक्स मांडवाच्या दारात, तोंड गल्लीकडे करून ठेवतात. पुण्यानुमोदन असलं की वंदना अख्ख्या वस्तीने ऐकायची असते. जी चुलीपासून उठू शकत नाही तिनेही, जो खाटेवरून उठू शकत नाही त्यानेही. गाणारे बॉक्सच्या मागे बसतात. आपण कसं गातोय हे त्यांना बॉक्समधून कधीच नीट ऐकू येत नाही, ते समोरच्यांच्या तोंडावर वाचायचं असतं. इतकी वर्षं मी तसंच वाचत आले होते.

कटंगीच्या बाजूच्या एका गावातून बोलावणं आलं. एका म्हाताऱ्या बाईचा नवरा गेला होता, त्याचं पुण्यानुमोदन. बोलावणाऱ्यांना माझ्या गळ्याचं माहीत होतं. तरी बाईचा निरोप होता की मीच यावं. मला जावंसं वाटत नव्हतं, न जावंसंही वाटत नव्हतं. सुनेने माझी पांढरी साडी काढून ठेवली होती, ती मी नेसले.

मांडवाच्या दारात बॉक्स ठेवला आणि चालू केला तर दिवे लागले. ते बंद कसे करायचे हे कोणालाच कळेना. समोर वारलेल्या माणसाचा फोटो, हार, मेणबत्त्या, आणि दारात लाल-हिरवं चमकतंय. दिराने आपला पांढरा दुपट्टा त्यावर टाकला. दुपट्ट्यातून गुलाबी उजेड यायला लागला, ते आणखीच वाईट दिसत होतं. नवरा त्या म्हाताऱ्या बाईपाशी जाऊन माफी मागायला लागला. ती म्हणाली, "राहू द्या ना बाप्पा. त्याईले लायटिंग आवडेच."

पंचशील सुरू झालं आणि बॉक्सने शिट्टी मारली. लोकांनी कानांवर हात ठेवले, मांडीवरची पोरं रडायला लागली. नवरा पेटी सोडून उठला, दारापर्यंत गेला, दुपट्ट्याखाली हात घालून काहीतरी केलं. शिट्टी थांबली. परत येताना तो सुनेच्या कानाशी वाकला, दोन शब्द बोलला आणि पेटीवर बसला. माझ्याकडे पाहून त्याने मान हलवली. जमलं, अशी.

मी डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली. वंदना झाली, पहिलं गाणं झालं. डोळे उघडले तर समोरच्या बायका माना डोलवत होत्या. पुढे बसलेली एक म्हातारी ओठांनी माझ्याबरोबर म्हणत होती. ताण न देता, होता तेवढाच वारा सोडत मी गात होते आणि पोचत होते. नवरा म्हणत होता ते खरं होतं तर. मला बरं वाटलं. कितीतरी महिन्यांनी बरं वाटलं, इतकं की ते ओळखायलाही जरा वेळ लागला. दुसऱ्या गाण्याला मी वरची पट्टी घेतली.

खटकत होती एकच गोष्ट. सून माझ्या ओळीतच गात होती. झील धरायची सोडून माझ्याबरोबरच ओळ सुरू करायची, माझ्याबरोबरच संपवायची. एकदा मी डोळे वटारले. तिने मान खाली घातली आणि तशीच गात राहिली. पुढच्या कडव्याला मी पदराआडून तिच्या दंडाला चिमटा काढला, चांगला जोरात. ती थांबली नाही. घरी गेल्यावर हिला पाहते, असं मी मनात म्हटलं. सासू व्हायला इतक्या दिवसांनी जोर आला होता.

गाणी संपली. शेवटी पंगतीला बोलवायचं काम आमच्याकडे गाणाऱ्या बाईचंच असतं. मी माइक तोंडाशी धरून म्हटलं, "आता सगळ्यांनी जेवायला बसून घ्या, जेवल्याशिवाय कोणी जाऊ नका." समोरच्या बायकांनी लुगडी आवरली, एक-दोघी उठल्या. त्यांच्या मागे कोणी हललं नाही. मांडवाच्या कडेला पुरुष गप्पा मारत होते, ते मारतच राहिले. खाटेवर बसलेला एकजण तंबाखू मळत होता, तो मळतच राहिला. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच. कोणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग सुनेने आपला माइक उचलला. माझेच शब्द, तिच्या त्या हिंदी वळणाच्या मराठीत. तंबाखूवाला उठला. पुरुष उठले. गल्लीतली पोरं मांडवाकडे धावली. एकदम सगळं अंगण हललं.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पेटीचा भाता बंद करत होता, आणि त्याला ते एवढं अवघड काम होतं की मान वर करता येत नव्हती.

लोक पंगतीत बसल्यावर मी दारापाशी गेले. दुपट्टा जरा वर केला. माझ्या माइकची खुंटी पार डावीकडे, शून्यावर होती. सुनेची अर्ध्याच्या वर. मी दुपट्टा परत नीट टाकला. मला लाज वाटली, कान गरम होईपर्यंत. नवऱ्याचा राग आला नाही. सुनेच्या दंडाला काढलेल्या चिमट्याची लाज वाटली, आणि मी वरची पट्टी घेतली होती, ढोलकीवाल्या दिराने ती ऐकली असणार, त्याची लाज वाटली. मग तीही गेली. कोणीतरी पत्रावळ हातात दिली आणि मी जेवले.

येताना ऑटोत बॉक्स पायाशी होता. मी नवऱ्याला विचारलं, "माहा माइक कवा बंद केला?" ऑटोच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. सून मधे बसली होती, तिला गेलं. मग तिनेच त्याला विचारलं, "पापा, मम्मी पूछ रहे हैं, माइक कब बंद किया."

तो बाहेर पाहत म्हणाला, "शिट्टी होऊन राह्यली होती. लोकं कान झाकून राह्यले होते. मले वाटलं, एक गाणं झालं की चालू करीन. मंग तू अशी गाऊन राह्यली होती..." त्याने पुढचं सोडून दिलं. "मले वाटलं, तुले कळनार नाई."

"नाई कळलं," मी म्हटलं. सुनेने तेही त्याला सांगितलं.

थोड्या वेळाने ती माझ्याकडे वळली. "मम्मी, आप बहुत दिन बाद ऐसे गा रहे थे. मैं क्या करती?" मी तिची बाही वर सरकवून पाहिली. चिमट्याचा लाल डाग उठला होता. मी त्यावर अंगठा फिरवला.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं बॉक्स परत करायला गेलो. नवऱ्याने रात्रंदिवस मोबाइल पाहून नवीन शोध लावला होता. म्हणे या बॉक्सचीच चूक, शिट्टी आपोआप कापणारे बॉक्स येतात, ते भारी असतात, त्यांत दोन माइक निवांत चालतात. दुकानदाराला काय, तो लगेच आतून मोठा बॉक्स ओढत आणायला निघाला. "दो माइक? अरे, चार लगाइए!"

मी म्हटलं, "एका माइकवाला दाखवा."

दुकानदाराने कानामागे हात धरला. "क्या बोले बाईजी?"

मी सुनेकडे पाहिलं. तिला ऐकू गेलं होतं, तिच्या तोंडावर दिसत होतं. पण ती ओठ दाबून उभी राहिली. माझा शब्द ती पुढे नेईना. तेव्हा मी दुकानदाराला एक बोट दाखवलं. नवऱ्याने ते बोट पाहिलं.

दुकानदाराने एक लहान बॉक्स काउंटरवर ठेवला. खांद्याला अडकवायचा पट्टा, दिवे नाहीत, माइक एक. माइक त्याने सवयीने माझ्या हातात दिला. तो मी सुनेच्या हातात ठेवला. "मम्मी, नहीं," ती म्हणाली आणि हात मागे घेऊ लागली. मी तिची बोटं माइकवर मिटवली, बॉक्सचं तोंड रस्त्याकडे केलं आणि दुकानाच्या पायऱ्या उतरले.

रस्ता ओलांडला. ट्रक जात होते, ऑटोवाले सवाऱ्यांसाठी ओरडत होते. मी चहाच्या टपरीच्याही मागे गेले, जिथे पंगतीची वाट पाहणारा शेवटचा माणूस बसला असता साधारण तेवढ्या लांब, आणि दुकानाकडे तोंड करून उभी राहिले. पलीकडे ती दोघं माझ्याकडे पाहत होती. सुनेने बराच वेळ माइक नुसता धरून ठेवला. मग तिने माझी ओळ म्हटली.

ऐकू येत होतं. शब्द न शब्द. आता तरी मला रडू येईल असं वाटलं, मी जरा थांबून पाहिलं. नाही आलं. मी हात वर करून नवऱ्याला जमलं अशी खूण केली, आणि तो दुकानदाराशी बोलायला आत वळला.